धातू, खाण, तेल: या विषयांत संशोधनाला आता काही उरलंय का?

गौरी_पंचवटी

नमस्कार मंडळी. मी पुण्याला मेटलर्जीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घर नाशिकला, पंचवटीत. वडिलांचं भांडी बाजारात दुकान आहे. आजोबा स्वतः तांब्याचं ठोक्याचं काम करायचे, आता माल तयार येतो आणि आम्ही फक्त विकतो.

मला गेट देऊन एमटेक करायचंय आणि जमलं तर पुढे पीएचडी. घरी विषय काढला तर वडील म्हणाले, "तांबं तेच, पितळ तेच, लोखंड तेच. हजारो वर्षं माणसं वितळवतायत. त्यात तू नवीन काय शोधणार?" सीनियर मुलं तेच जरा स्टाईलमध्ये सांगतात: खाण, धातू, पेट्रोलियम हे तिन्ही पिकून गळालेले विषय, डेटा सायन्सकडे वळ.

पगाराचं विचारत नाहीये, ते गणित मला कळतं. मला हे जाणून घ्यायचंय की या तीन शाखांमधलं संशोधन मुळात वाढलं कशामुळे? वर्गात प्रक्रिया शिकवतात, पण ती कुणाला कोणत्या अडचणीतून सुचली हे एका ओळीत उरकतात. आणि ती अडचण आज संपली आहे का? शिवाय मायनिंगचा पर्याय मुलीने मनात आणावा का, हेही कुणी खरं खरं सांगा.

अंबडचा_शेजारी

सीनियर बरोबर सांगतायत. माझा मावसभाऊ मटेरियल्समध्ये पीएचडी करून आला. अर्धी वर्षं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप दुरुस्तीला होता, उरलेली अर्धी त्याचा नंबर लागण्यात गेली. आता तो बँकेच्या परीक्षा देतोय. स्टील कसं करायचं हे जगाला माहीत आहे, आणि करायचं काम चीन करतो. बाकी तुमची मर्जी.

भट्टीवाला

गौरी, तुझ्या वडिलांचं अर्धं बरोबर आहे. तांबं तेच आहे, पण ते ज्या दगडातून काढायचं तो दगड तोच राहिलेला नाही. माझी उभी नोकरी सातपूर आणि अंबडच्या भट्ट्यांवर गेली, कार्बुरायझिंग आणि हार्डनिंगचं (स्टील तापवून कडक करण्याचं) खातं आणि त्याला चिकटलेली छोटी लॅब. तिथे बसून एवढं पक्कं डोक्यात बसलं की या धंद्यात चांगला माल आधी संपतो. मग वाईट माल दारात येतो आणि तेव्हा कुठे कुणाला संशोधन आठवतं. तुझ्या तिन्ही शाखांचा इतिहास मी तरी असाच वाचतो.

सगळ्यात मोठं उदाहरण फॉस्फरसचं. बेसेमरने १८५६ मध्ये वितळलेल्या कच्च्या लोखंडातून हवा फुंकून स्टील करून दाखवलं. लोकांनी परवाने घेतले, घरी जाऊन फुंकलं, तर स्टील थंडपणी काचेसारखं तडकायला लागलं. बेसेमरच्या खनिजात फॉस्फरस नगण्य होता, म्हणून त्याचं जमलं होतं. युरोपातलं बरंचसं खनिज मात्र फॉस्फरसवालं. कन्व्हर्टरला, म्हणजे हवा फुंकायच्या भांड्याला, आतून अस्तर होतं सिलिकाचं, म्हणजे आम्लधर्मी, त्यामुळे चुना टाकून फॉस्फरस धरायची सोय नाही. चुना अस्तरच खाऊन टाकणार. वीस वर्षं मोठमोठे लोक यावर डोकं आपटत होते. तोडगा काढला कुणी? सिडनी गिलख्रिस्ट थॉमस नावाच्या माणसाने, जो लंडनच्या पोलीस कोर्टात कारकून होता आणि संध्याकाळच्या वर्गांना जाऊन रसायनशास्त्र शिकायचा. त्याचा मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट वेल्समधल्या लोखंड कारखान्यात केमिस्ट होता, प्रयोग तिथे झाले. डोलोमाइटचं अस्तर, आत चुना, फॉस्फरस मळीत (म्हणजे धातूवर तरंगणाऱ्या वितळलेल्या कचऱ्यात). हे १८७८ मध्ये लंडनच्या सभेत थॉमसने जाहीर केलं तेव्हा कुणी फारसं लक्षही दिलं नाही म्हणतात. पुढे फ्रान्स-जर्मनी सीमेवरच्या लॉरेनचं वाया गेलेलं खनिज या एका अस्तराने कामाला आलं आणि जर्मनीचा स्टील उद्योग उभा राहिला. थॉमस बिचारा पस्तिशीच्या आतच गेला. ती फॉस्फरसवाली मळी दळून शेतात खत म्हणून विकली जायची, आपल्या द्राक्षवाल्यांनी ऐकावं असं.

तुला वाटेल, संपला विषय. मग जालन्याला जाऊन ये. तिथल्या सळईच्या कारखान्यांत विजेच्या इंडक्शन भट्ट्या आहेत, भंगार आणि स्पंज आयर्न (न वितळवता खनिजातून काढलेलं लोखंड) वितळवतात. अस्तर बहुतेक ठिकाणी सिलिकाचंच, स्वस्त पडतं म्हणून. म्हणजे स्पंजमधून आलेला फॉस्फरस सळईत जसाच्या तसा. फे ५०० प्रतीच्या सळईला मानकात फॉस्फरस ०.०५५ टक्क्यांपर्यंत चालतो, फे ५०० डी ला ०.०४०. कागदावर फरक एवढासा दिसतो, पण भट्टीवाल्याची झोप त्यातच जाते. बेसिक अस्तर टिकवायचं कसं, लेडलमध्ये (वितळलेलं स्टील धरायच्या बादलीत) नेऊन शुद्ध करायचं तर खर्च कोण सोसणार, यावर आजही लोक काम करतायत. १८७८ ची अडचण आपल्यापासून अडीचशे किलोमीटरच्या आत चालू आहे.

(याच फॉस्फरसची दुसरी बाजू: दिल्लीचा लोहस्तंभ. त्यात आजच्या स्टीलच्या कित्येक पट फॉस्फरस आहे, कारण तेव्हाच्या लोहारांनी मळीत चुना घातलेला नव्हता. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवलं की तोच फॉस्फरस पृष्ठभागावर संरक्षक थर जमायला मदत करतो. सळईत नको असलेली गोष्ट सोळाशे वर्षं खांब सांभाळून आहे.)

आता तुझ्या वडिलांचं तांबं. मलाजखंड, मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यात. तिथल्या दगडात तांबं एक टक्क्याच्या आसपास. म्हणजे शंभर किलो दगड फोडून, दळून पीठ केलं की एक किलो तांब्याची आशा. ते पीठ सरळ भट्टीत टाकलं तर नुसत्या कोळशाच्या बिलातच कंपनी बुडेल. म्हणून ते पाण्यात कालवतात, विशिष्ट रसायन घालतात, खालून हवा सोडतात. सल्फाइडचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात, माती खाली राहते. हे फ्लोटेशन. तंत्र पक्कं झालं ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलला, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, कारण तिथे जस्त अडकलेल्या टाकाऊ चुऱ्याचे डोंगर साचले होते आणि जुन्या पद्धतीने ते सुटत नव्हतं. पुन्हा तेच, वाईट माल. फ्लोटेशन नसतं तर आज जगात तारेला पुरेल एवढं तांबं मिळालं नसतं, हे माझं ठाम मत.

जस्ताचं आपल्याकडचंच सांगतो. जस्त ९०७ अंशाला उकळतं, आणि खनिजातून ते सुटायला त्याहून जास्त उष्णता लागते. म्हणजे धातू जन्मतःच वाफ होऊन उडणार, वर हवेत जळणार. राजस्थानात झावरला आठशे वर्षांपूर्वी कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या लावल्या, वर भट्टी, खाली थंड भाग, वाफ खाली उतरून तिथेच गोठायची. रिकाम्या मुशींचे ढीग आजही आहेत तिथे. तुमच्या दुकानातलं पितळ म्हणजे तांबं अधिक हेच जस्त, वडिलांना एकदा सांगून बघ.

देशातल्या प्रयोगशाळा बघितल्यास तर त्याही अशाच पोटदुखीतून निघालेल्या. आपल्या गोंडवाना कोळशात राख तीस-चाळीस टक्के, आणि ती कोळशात इतकी बारीक मिसळलेली की धुऊन निघत नाही. त्यातूनच धनबादजवळ इंधन संशोधन संस्था उभी राहिली. आपल्या लोहखनिजात लोह भरपूर, पण अॅल्युमिना जास्त, त्यामुळे ब्लास्ट फर्नेसमधली मळी घट्ट होते. अशा देशी दगडांवरचं कितीतरी काम जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळेत झालं, ती १९५० ची. परदेशी पुस्तकातला उपाय परदेशी दगडाला लागू पडतो. आपला दगड आपल्यालाच सोडवावा लागतो.

शेजाऱ्यांच्या मावसभावाबद्दल वाईट वाटतं. बिघडलेलं मशीन मीही पाहिलंय. पण त्यावरून विषय संपला म्हणणं म्हणजे रिक्षा बंद पडली म्हणून नाशिकरोड स्टेशन बंद झालं म्हणण्यासारखं आहे.

वणीकर_मायनिंग

मूळचा देवळालीगावचा, नोकरी कोळसा खाणीत. आधीच सांगतो, वणी म्हणजे यवतमाळची, सप्तशृंगीची नव्हे. घरी फोन केला की अजून कुणीतरी "देवीचा प्रसाद आण" म्हणतंच.

मुलींबद्दल: १९५२ च्या खाण कायद्यात बायकांना भूमिगत खाणीत कामाला बंदी होती. २०१९ मध्ये सरकारने सूट दिली. त्या सुटीने तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या जागांवर महिलांना खाली उतरता आलं, तेव्हाची अट सकाळी सहा ते संध्याकाळी सात, लेखी संमतीने. २०२१ मध्ये झारखंडच्या चुरी भूमिगत खाणीत पहिली महिला मायनिंग इंजिनिअर रुजू झाली. म्हणजे दार उघडलंय, पण गर्दी नाही. संशोधनात मात्र ही अडचण पूर्वीही कमीच होती, खडकाचे नमुने प्रयोगशाळेतच येतात.

भट्टीवाले काका म्हणतात वाईट मालामुळे संशोधन वाढलं. मायनिंगपुरतं मी त्यात बदल सुचवतो: आमच्याकडे माणसं मेल्यावर वाढलं. १८१५ चा डेव्हीचा सुरक्षा दिवा खाणीतल्या वायूच्या स्फोटांमधून आला. आपल्याकडे २७ डिसेंबर १९७५ ला चासनाला खाणीत शेजारच्या जुन्या, पाणी भरलेल्या कामाची भिंत फुटली आणि ३७५ माणसं गेली. जुन्या कामांपासून किती जाडीचा कोळसा सोडायचा, पुढे भोक पाडून पाणी आहे का हे कसं बघायचं, हे प्रश्न त्यानंतर कागदावरून खाली उतरले. उलट १९८९ मध्ये राणीगंजच्या महावीर खाणीत पाणी शिरलं तेव्हा वरून मोठ्या व्यासाचं भोक पाडून, लोखंडी पिंजरा सोडून ६५ जणांना जिवंत वर काढलं. जसवंतसिंग गिल स्वतः त्या पिंजऱ्यातून खाली गेले होते.

रोजच्या कामात मला सर्वात उपयोगी पडलेलं संशोधन म्हणशील तर छताचं. पूर्वी लाकडी खांब लावायचे आणि खांब कुरकुरला की पळायचं. आता छताच्या दगडाला गुण देतात: थरांची जाडी, भेगा, पाण्याने भिजून दगड किती झिजतो, त्याची ताकद, पाण्याची गळती. धनबादच्या खाण संशोधन संस्थेने परदेशी पद्धत उचलून न आणता आपल्या कोळशाच्या छतांसाठी स्वतःची गुणपद्धत बसवली. त्या गुणांवरून छतात ठोकायचे बोल्ट किती आणि किती अंतरावर हे ठरतं. साधं वाटतं, पण त्यावर माझा जीव आहे.

उरण_ते_नाशिक

पेट्रोलियमबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मी. नोकरी समुद्रातल्या तेलावर झाली, आता निवृत्त होऊन गंगापूर रोडला.

आमच्या शाखेचा पाया एका पाणीवाल्याने घातला. आँरी दार्सी, फ्रान्समधल्या दिजों शहराच्या पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर. १८५६ मध्ये त्याने वाळूच्या नळकांड्यातून पाणी सोडून मोजलं की दाब किती दिला तर किती पाणी जातं. तेलाचं नावही नव्हतं तिथे. पण खडकातलं तेल हे तळ्यासारखं साचलेलं नसतं, ते वाळूच्या किंवा चुनखडीच्या बारीक छिद्रांतून झिरपतं, आणि त्याचा हिशोब आजही दार्सीच्याच सूत्राने सुरू होतो.

अडचण अशी की खडक तेल सोडत नाही. जगाची सरासरी धरली तर खाली असलेल्या तेलाचा साधारण एक तृतीयांशच वर येतो. उरलेलं खडकालाच चिकटून राहतं. बॉम्बे हाय १९७४ मध्ये सागर सम्राट या समुद्रात विहीर खोदणाऱ्या रिगने शोधलं, पण खरं डोकं लागलं पुढे, दाब उतरायला लागल्यावर कुठून किती पाणी खाली सोडायचं यात. चुकीच्या जागी सोडलं तर पाणी तेलाला ओलांडून पुढे पळतं आणि विहिरीतून पाणीच वर येतं.

भट्टीवाल्यांचं म्हणणं तेलालाही लागू आहे. गुजरातेत मेहसाण्याजवळ बालोल आणि संथाल इथलं तेल इतकं जड की खालचं पाणी वर येतं, तेल जागचं हलत नाही. तिथे १९९० च्या दशकात ओएनजीसीने जमिनीखालीच तेलाला आग लावली. वरून हवा दाबून घालायची, थोडं तेल खाली जळतं, त्या उष्णतेने पुढचं पातळ होऊन वाहायला लागतं. आग हजार मीटर खाली, दिसत नाही, ती कुठवर पोचली हे विहिरींमधून येणाऱ्या वायूंवरून आणि तापमानावरून ओळखायचं. बाडमेरच्या मंगला क्षेत्रात वेगळीच तऱ्हा. २००४ ला सापडलेलं ते तेल मेणासारखं, साध्या तापमानाला गोठतं. ते गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत न्यायला सुमारे ६७० किलोमीटरची पाइपलाइन सबंध वाटभर गरम ठेवावी लागते. यातलं कुठलंही उत्तर टेक्सासच्या पुस्तकात आयतं नव्हतं.

सिन्नरचा_दगडवेडा

थोडं अवांतर. सिन्नरला गारगोटी संग्रहालयात गेला नसाल तर जा. आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांमधले झिओलाइट जगभरातले संग्राहक नेतात, स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, आणि सोबत हिरवं अपोफिलाइट (ते झिओलाइट नव्हे, पण शेजारी बसतं). ऐकलंय की पेट्रोल शुद्धीकरणातही झिओलाइट लागतं. मग आपल्या खाणीतला दगड रिफायनरीत जातो का? आणि नाशिकखाली तेल आहे का हो? आमच्याकडे बोअर मारताना एकदा पाण्यावर तवंग आला होता, तेव्हापासून गावात चर्चा आहे.

उरण_ते_नाशिक

तवंग बहुतेक बोअरवाल्याच्या काँप्रेसरचा.

रिफायनरीत झिओलाइट लागतं हे खरं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून जड तेलाचे रेणू तोडून पेट्रोल करायला झिओलाइटचे उत्प्रेरक वापरतात. पण ते प्रयोगशाळेत बनवलेलं, फोजासाइट जातीचं, मोठ्या छिद्रांचं. आपल्या स्टिल्बाइटची छिद्रं त्या रेणूंना पुरत नाहीत. तुमचा दगड शोकेसमध्येच शोभतो.

नाशिकखाली तेल? तेलासाठी गाळाचे खडक हवेत, आणि आपण बसलोय लाव्हाच्या थरांवर. कळसूबाईचे १६४६ मीटर अख्खे बेसाल्टचे. लाव्हाच्या खाली काय आहे हेच मुळात कळायला कठीण, कारण बेसाल्टच्या एकावर एक थरांत भूकंपीय लहरी विखुरतात आणि खालचं चित्र धूसर येतं. कोयनेजवळ खोल भोक पाडलं तेव्हा सुमारे ९३० मीटर बेसाल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटी खडक. मध्ये गाळ नाहीच. किल्लारीला ३३८ मीटर बेसाल्टनंतर जेमतेम आठेक मीटर गाळ, मग तसाच जुना खडक. तापी-नर्मदेच्या पट्ट्यात मात्र लाव्हाखाली जुना गाळ असल्याच्या खुणा विद्युतचुंबकीय सर्वेक्षणांत दिसल्या आहेत. बेसाल्टच्या आरपार नीट बघता येणं हा तुझ्यासारख्या कुणासाठी चांगला विषय आहे गौरी, फक्त तो धातूचा नाही, भूभौतिकीचा.

गौरी_पंचवटी

सगळ्यांचे आभार. जस्ताचं उलट्या मुशीचं वडिलांना वाचून दाखवलं. ते दुकानातली जुनी पितळी घागर उचलून बराच वेळ बघत होते आणि मग म्हणाले, "हे आमच्या बाबांना माहीत असणार." माहीत नव्हतं असं मला वाटतं, पण बोलले नाही.

भट्टीवाले काका, एक नेमकं विचारते. तुमच्या हिशोबाने आज दारात आलेला वाईट माल कुठला? म्हणजे मी आत्ता शिरले तर कशावर काम करू? वणीकर दादांचं वाचून मायनिंगबद्दलची भीती कमी झाली, पण मन मेटलर्जीतच आहे.

भट्टीवाला

भंगार. आणि त्यातलं तांबं, म्हणजे तुझ्या घरचाच विषय.

आपलं नाशिक गाड्यांचं गाव. गाडी भंगारात गेली की ती चिरडून तुकडे करतात, चुंबकाने लोखंड उचलतात. पण मोटारींची वेटोळी, तारा, त्यांचे तुकडे लोखंडाला अडकून सोबत येतात. आता बघ, लोखंडातून कार्बन, सिलिकॉन काढता येतात कारण ते लोखंडाआधी जळतात, आणि फॉस्फरस जळून चुन्यात धरता येतो. तांबं जळत नाही. लोखंड जळून जाईल, तांबं तसंच राहील. म्हणजे एकदा शिरलं की निघत नाही, आणि तेच स्टील पुन्हा भंगारात येईल तेव्हा आणखी थोडं वाढलेलं असेल.

काय बिघडतं? रोलिंगआधी बिलेट (ओतलेला स्टीलचा ठोकळा) तापवलं की वरचं लोखंड गंजून पापुद्रा होतं, तांबं मात्र पापुद्र्याखाली साचत जातं. ते १०८५ अंशाला वितळतं, आणि भट्टी त्याहून गरम. वितळलेलं तांबं स्टीलच्या कणांच्या सीमांमध्ये शिरतं आणि रोलखाली पृष्ठभाग चिरतो. सोबत कथील असेल तर आणखी वाईट. साधारण ०.२-०.३ टक्क्यांपासून त्रास सुरू. असा एक माल आमच्याकडे आला होता, एका पुरवठादाराचे बार, वरून बारीक जाळीदार चिरा. लॅबमध्ये काप घेऊन पॉलिश केला, नायटल (स्टीलची रचना उघडी करणारं आम्लाचं द्रावण) लावायच्या आधीच मायक्रोस्कोपखाली पापुद्र्याखाली तांबूस रेघ दिसत होती. पुरवठादार सांगत होता की तुमच्याच भट्टीने माल जाळला. त्या फोटोनंतर त्याने मुकाट्याने माल उचलला.

पुढे खनिजापेक्षा भंगारातून स्टील करण्याचं प्रमाण वाढणार, कारण कोळसा कमी जाळायचाय. मग हा प्रश्न वाढतच जाणार. तांबं आधीच वेगळं कसं करायचं (कॅमेरे, क्ष-किरण, लेझर लावून तुकडे निवडणं), की निकेल घालून त्याला निरुपद्रवी करायचं, की तापवण्याची पद्धतच बदलायची? तिन्हीकडे काम चालू आहे आणि स्वस्त उत्तर कुणाकडेच नाही. सीनियर ज्या डेटा सायन्सबद्दल सांगतायत ते निवडणीच्या कामात लागतंच, तेव्हा तेही थोडं शिक.

गेटला तुझा पेपर एमटी. नागपूरच्या व्हीएनआयटीत धातू आणि खाण दोन्ही विभाग आहेत, शिवाय त्याच शहरात भारतीय खाण ब्युरो आणि अॅल्युमिनियमची संशोधन संस्था. धनबादच्या आयआयटीत तर तिन्ही शाखा एका आवारात. कुठेही जा, पण मार्गदर्शक निवडण्याआधी त्यांच्या प्रयोगशाळेत एक चक्कर मार. शेजाऱ्यांच्या भावाला जो मायक्रोस्कोप नडला, तो चालू आहे का हे तिथल्या विद्यार्थ्याला विचार, सरांना नाही. आणि भट्टीजवळच्या फरशीवर वितळलेल्या धातूचे शिंतोडे आहेत का बघ. फरशी चकचकीत असेल तर दुसरी जागा शोध.

सुट्टीत नाशिकला येशील तेव्हा अंबडला एका ओळखीच्या लॅबमध्ये तुला पॉलिशिंगला बसवतो. चिरा असलेला बार मी जपून ठेवलाय.

अंबडचा_शेजारी

काका, तो बार मला पण बघायचाय. भावालाही आणू का?

भट्टीवाला

आण. शनिवारी नको, तेव्हा इथे लाइट नसते.